तांबी घरी काढावी का? त्याआधी विचारायचा प्रश्न

‘ताई, मीच दोरा ओढून काढली तर?’ वस्तीतली बैठक संपल्यावर एका बाईने हळूच विचारले. बाळंतपणानंतर दवाखान्यातच तिला तांबी, म्हणजे कॉपर टी, बसवली होती. पाळीत अंगावरून फार जाऊ लागले म्हणून ती काढायला दोनदा गेली. एकदा ‘सवय होईल’ आणि दुसऱ्यांदा ‘नवऱ्याला घेऊन ये’ असे सांगून तिला परत पाठवले.

आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर. तांबीचे दोरे गर्भाशयाच्या तोंडातून योनीत आलेले असतात. डॉक्टर किंवा नर्स ते चिमट्याने धरून ओढतात. काही मिनिटांचे काम असते. बोटांनी मात्र ते पकडणे अवघड जाते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतः प्रयत्न केलेल्या पाच जणींपैकी एकीलाच ते जमले होते.

दोरा लागत नसेल किंवा ओढताना अडत असेल तर थांबावे. आत कोणतेही साधन घालू नये. ताप, ओटीपोटात तीव्र वेदना, जास्त रक्तस्राव किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर थेट डॉक्टरकडे जावे. दंडातील इम्प्लांट घरी कधीच काढू नये. त्यासाठी जागा बधिर करून छेद घ्यावा लागतो. तांबी निघाल्यावर लगेच गर्भ राहू शकतो. मूल नको असेल तर काढण्याच्या आठवडाभर आधीपासूनच कंडोम वापरावा.

पण खरा प्रश्न वेगळा आहे: तिच्यावर ही वेळ का आली? ‘३८० ए’ तांबी १० वर्षे चालते, याचा अर्थ ती १० वर्षे ठेवलीच पाहिजे असा होत नाही. काढून घ्यायला तिची इच्छा पुरेशी आहे. नवऱ्याची सही लागत नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. बाईवर गर्भारपण लादू नये, हा विचार आपण तिथून घेतला. मग तांबी तरी तिच्यावर का लादावी?

कार्यकर्त्यांनो, अशा बाईला एकटे पाठवू नका. सोबत जा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. तिसऱ्या खेपेला आम्ही दोघी तिच्यासोबत गेलो. नवऱ्याचे नावही कोणी काढले नाही.