तोफेच्या पोटातली नळी

दौलताबादच्या किल्ल्यात महाकोट या तटाच्या दरवाजातून आत शिरलं की भिंतीकडेला लहान-मोठ्या तोफा मांडून ठेवलेल्या दिसतात. बहुतेक माणसं त्यांच्याकडे एक नजर टाकून पुढे जातात, कारण सगळ्यांना वर जाऊन मेंढा तोफ बघायची असते. मी मात्र गेली काही वर्षं या रांगेपाशीच जास्त रेंगाळतो. एकेका तोफेच्या तोंडात बघत चाललं की लक्षात येतं, शेजारशेजारच्या दोन तोंडांचीही मापं जुळत नाहीत. एकीचा गोळा दुसरीत गेला नसता. गेलाच असता, तर सैल बसला असता.

बंदूक असो, पिस्तूल असो की तोफ, सगळी करामत नळीच्या पोकळीत असते. कुठल्या मापाचा गोळा त्यातून जाणार, हे ती पोकळी ठरवते. हल्लीच्या नेमबाजीत हे फार सुटसुटीत झालंय. वाल्थर कंपनीचं जीएसपी हे पिस्तूल १९६८ पासून स्पर्धांमध्ये दिसू लागलं. त्याची नळी, मागचा बोल्ट आणि मॅगझीन बदललं की तेच पिस्तूल ०.२२ ऐवजी ०.३२ बोअरच्या काडतुसांचं होतं. मूठ तीच राहते, त्यामुळे नेमबाजाच्या हाताची सवय मोडत नाही. आपल्याकडे लायसन्सवरही हत्याराचा बोअर लिहिलेला असतो, म्हणजे कायदाही हत्याराला नळीच्या मापावरून ओळखतो. मला कुतूहल होतं ते एका गोष्टीचं: हत्याराचं अंग एक आणि नळी वेगळी, ही कल्पना किती जुनी? उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा आमच्याच मुलखात येऊन पोचलो.

आधी मापाचं गणित. लोखंडाचा १० सेंटिमीटर व्यासाचा गोळा साधारण पावणेचार किलोंचा भरतो. व्यास दुप्पट केला, २० सेंटिमीटर, तर वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. गोळा ३० किलोंवर जातो. तोच गोळा दगडाचा घडवला तर ११-१२ किलोंत भागतं. म्हणून सुरुवातीच्या प्रचंड तोफा दगडाच्या गोळ्यांसाठी ओतल्या गेल्या. विजापूरची मुलूखमैदान त्यांतलीच. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास आणि पोकळी ७० सेंटिमीटरची. तिच्यात नेमका बसणारा दगडी गोळा करायचा म्हटला तर तो चारशे किलोंच्या पुढे जातो. असा गोळा उचलायलाच किती माणसं लागतील? दख्खनच्या गोलंदाजांनी पुढे लहान तोंडाच्या, लांब नळीच्या तोफांकडे मोहरा वळवला, त्याचं कारण मला या घनफळात दिसतं.

गोळा नळीत घट्ट बसून चालत नसे. हाताने घडवलेला गोळा कधीच पुरता वाटोळा नसतो, त्यावर गंज चढतो, दोन-चार बार काढले की नळीत काजळी धरते. म्हणून थोडी फट सोडावीच लागे. फट कमी पडली तर गोळा अडकून तोफ फुटायची भीती. जास्त झाली तर दारूचा धूर बाजूने निसटतो, जोर वाया जातो आणि गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडतो. त्या आपटण्याने नळी झिजते. नळी झिजली की फट वाढते, आणि फट वाढली की नळी आणखी झिजते.

ही झीज हाच तोफ ओतणाऱ्यांचा खरा शत्रू होता. लोखंडाच्या तोफा घडवताना लांब पट्ट्या उभ्या रचून त्यांवर तापवलेल्या कड्या चढवत; बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो तशाच. कडी निवली की आवळून बसते. अशी नळी कठीण, पण तिच्यात जोड फार, आणि जोड उलला की गोलंदाजाचा जीव गेला. कांशाची तोफ एकसंध ओतता येते, ती चिवट असते, फुटण्याआधी फुगते. पण कांसं लोखंडापेक्षा मऊ. लोखंडी गोळे आणि बारांची धग यांनी तिची पोकळी लवकर खराब होते.

मग दोन्ही धातूंचे गुण एकत्र का आणू नयेत? गोवळकोंड्याच्या मूसा बुरुजावरची अझदहा-पैकर ही औरंगजेबाच्या काळातली तोफ तशीच आहे. आत लोखंडाची नळी, बाहेरून ओतलेलं कांसं. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी तिचा अभ्यास करून ठेवला आहे. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या वर आच लागते, कांसं हजाराच्या आसपास वितळतं. त्यामुळे लोखंडी नळीभोवती कांशाचा रस ओतला तरी नळी तशीच राहते. शिवाय निवताना कांसं लोखंडापेक्षा जास्त आकसतं. म्हणजे बाहेरचं अंग आतल्या नळीला आपोआप मिठी मारून बसतं. चाकाच्या धावेचीच युक्ती, फक्त कडीच्या जागी वितळलेला रस. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याच्या भट्टीपाशी उभं राहायला मिळालं असतं तर, असं मला फार वाटतं.

नळीचा एक भाग सुटा ठेवायची दुसरी रीतही इथे माहीत होती. पोर्तुगीज जहाजांवर लहान तोफा असत, त्यांचा मागचा दारूचा कोठा काढता-घालता येई. कडी असलेल्या मापट्यासारखे हे कोठे आधीच ठासून तयार ठेवायचे, एक बार झाला की रिकामा काढून भरलेला बसवायचा आणि मागून पाचर ठोकायची. बार झपाझप निघत. पण जोडापाशी धूर निसटे, म्हणून मोठ्या तोफांना ही रीत मानवली नाही. सुट्या भागाचा जोड किती घट्ट बसतो, यावर सगळं अडतं. आजच्या नळी बदलणाऱ्या पिस्तुलालाही हाच नियम आहे.

एव्हाना मेंढा तोफेपाशी यायला हवं. मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं, अंगावर फारसी कोरीवकाम, त्यात औरंगजेबाचं नाव, ओतणाऱ्याचं, मुहम्मद हुसेन अरबचं नाव, आणि तोफेचं स्वतःचंही: किला शिकन, किल्ला फोडणारी. बुरुजावर मधोमध खुंटावर ती बसवलेली आहे, म्हणजे गाड्याशिवाय दिशा बदलता येई. याच किल्ल्याच्या भिंती १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा घालून सुरुंगांनी फोडल्या आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान शरण आला. पुढे मुघलांनी त्याच किल्ल्यावर ही तोफ चढवली.

मेंढा तोफेवरून मला नेहमी असईकडे वळावंसं वाटतं, कारण तिथली लढाईही तोफांभोवतीच झाली. असई आज जालना जिल्ह्यात आहे; १९८१ पर्यंत तो भाग दौलताबादच्याच जिल्ह्यात होता. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या रानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. इंग्रजांच्या हाती तिथे ९८ तोफा लागल्या, पण त्यांसाठी त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली.

शिंद्यांच्या त्या तोफा कशा होत्या, याचा धागा असईच्या १२ दिवस आधीच्या दिल्लीच्या लढाईत मिळतो. तिथे इंग्रजांनी शिंद्यांकडून पकडलेल्या तोफांची बारकाईने पाहणी झाली आणि त्या सैन्यातल्या थॉर्न नावाच्या अधिकाऱ्याने ती नोंदवून ठेवली. पितळी तोफा मथुरा आणि उज्जैनला ओतलेल्या, मापं फ्रेंच धाटणीची, काम कंपनीच्या कारखान्यांच्या तोडीचं. आणि त्यांतल्या १३ चार-पौंडी तोफांच्या आत लोखंडाची नळी होती, तिच्यावर बाहेरून धातू ओतलेला. गोवळकोंड्याची युक्ती सव्वाशे वर्षांनी शिंद्यांच्या तोफखान्यात जिवंत होती! महादजी शिंद्यांच्या काळात त्यांचा युरोपी सेनापती द बॉयन्य याने आग्र्याला सँगस्टर नावाच्या युरोपी माणसाच्या हाताखाली ओतशाळा चालवली होती, त्याच घडणीतल्या या तोफा. युरोपी मापं आणि दख्खनची जुनी धातूविद्या तिथे एकत्र आली असावी असं मला वाटतं.

‘चार-पौंडी’ हा शब्दही थांबून बघावा. चार पौंड, म्हणजे १.८ किलोचा लोखंडी गोळा पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तोफेला आता मेंढा किंवा अझदहा-पैकर असं नाव नाही, तिचं नाव म्हणजे गोळ्याचं वजन. सगळ्या चार-पौंडींना एकच गोळा चालतो. महाकोटाच्या रांगेतल्या त्या न जुळणाऱ्या तोंडांपासून हे अंतर फार मोठं आहे.

साठेक वर्षांनी इंग्लंडात विल्यम पॅलिझरने जुन्या, गुळगुळीत पोकळीच्या लोखंडी तोफांत लोखंडाचीच नवी, पेचदार नळी बसवली. आठ इंची तोफ ६.३ इंचांची झाली. अंग जुनं, बोअर नवा. आज पिस्तुलात होतं ते तिथे टनावारी वजनाच्या तोफेत झालं. पण आत एक आणि बाहेर एक ही घडण तोवर गोवळकोंड्यात आणि मथुरेत होऊन गेली होती, आणि शाळेच्या पुस्तकात मी तरी त्यातली एक ओळही वाचली नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेंढ्याच्या मुंडक्यापाशी फोटो काढणारे खूप असतात. तोंडात वाकून बघणारं क्वचित कोणी. पाहुणा बरोबर असला की मी त्याला तिथे उभं करतो आणि एक गोष्ट सांगतो. तोंडापाशी पोकळीचा व्यास मोजायचा, आणि लांब काठीच्या टोकाला माप बांधून तळापाशीही मोजायचा. दोन्ही आकडे सारखे आले, तर मुहम्मद हुसेन अरबची नळी आजही जशी ओतली तशी आहे, आणि या तोफेने फारसे बार काढलेले नाहीत. नळीची खालची बाजू वरच्यापेक्षा खोल गेलेली सापडली, ओरखडे दिसले, तर बुरुजावरून खरंच गोळे सुटले, आणि त्या गोळ्यांना किती फट होती हेही त्या ओरखड्यांवरून काढता येईल.