मायक्रॉनचा हिशेब

प्लॅस्टिकच्या पिशवीला कायद्याने लावलेली पहिली मोजपट्टी जाडीची आहे. 26 जुलै 2005 च्या पावसात मुंबईचे नाले तुंबले, त्याला पातळ पिशव्याही कारणीभूत होत्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. देशभरासाठी हीच मर्यादा 2016 मध्ये 50, सप्टेंबर 2021 अखेर 75 आणि डिसेंबर 2022 अखेर 120 मायक्रॉन झाली.

या आकड्यांमागे भंगाराचा व्यवहार आहे. एक फूट रुंद, सव्वा फूट उंच आणि 20 मायक्रॉन जाडीची पिशवी साधारण साडेचार ग्रॅमची भरते; म्हणजे किलोभर माल व्हायला दोनशेहून अधिक पिशव्या वेचाव्या लागतात. तीच पिशवी 120 मायक्रॉनची असेल तर चाळीसेक पुरतात. भंगारवाल्याकडे भाव किलोवर ठरतो, त्यामुळे कचरावेचक बाटली उचलतो आणि पातळ पिशवी तिथेच सोडतो.

अशी पिशवी मग कचऱ्यातच राहते. नाशिकमध्ये दारोदारचा कचरा घंटागाडी नेते आणि तो पाथर्डीच्या खत प्रकल्पावर पोचतो. तिथे खरी अडचण पिशवीत गाठ मारून टाकलेल्या ओल्या कचऱ्याची. त्यातले प्लॅस्टिक माखून जाते आणि त्याचे तुकडे खतात उतरतात. विल्होळीला जर्मनीच्या जीआयझी संस्थेच्या साहाय्याने 2017 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात हॉटेलांतले उरलेले अन्न आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून गॅस व वीज मिळवण्याची योजना आहे. तिलाही ओला कचरा निर्भेळच लागतो.

मार्च 2018 मध्ये राज्याने जाडी न पाहता हातपिशव्या बंद केल्या. पहिल्या गुन्ह्याला 5 हजार, दुसऱ्याला 10 हजार, तिसऱ्याला 25 हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांची कैद. हा बडगा सोपा दिसतो, पण तो बसतो भाजीवाल्यावर. पिशवी बनवणारा कारखाना परराज्यात असला तर तो राज्याच्या हाती लागत नाही. चार वर्षांनी, 1 जुलै 2022 पासून, एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली.

वेफर्सच्या किंवा गुटख्याच्या पुडीचा प्रश्न मात्र दंडाने सुटणारा नाही. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने ते सुटे होत नाहीत आणि पुडीला भंगारात भाव नसतो. फेब्रुवारी 2022 च्या नियमांनी अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादक आणि ब्रँडमालकांवर टाकली: जेवढे वेष्टन बाजारात आणले, तेवढ्याच्या विल्हेवाटीची प्रमाणपत्रे पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडून घ्यायची. कल्पना चांगली आहे, पण कागदावर चालणाऱ्या व्यवहारात लबाडीला वाव असतो. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो प्रमाणपत्रे बनावट निघाली.

प्लॅस्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालावी की नाही, या वादावर प्लॅस्टिकविषयीच्या जागतिक कराराची बोलणी ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात अडली. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीतल्या नाशिकला त्या कराराची वाट पाहत बसता येणार नाही. निर्माल्य असो वा खरकटे, पिशवीत न बांधता वेगळे दिले, तर पाथर्डीतले निम्मे काम घरातच होईल.