मोतीला चावायला काय द्यायचं?



आमची शाळा तलासरीजवळच्या एका पाड्यावर आहे. गेल्या एप्रिलमध्ये तिसरीतला एक मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, मोती काहीच खात नाही. सारखा ओकतो."

मोती म्हणजे त्याचं पाच महिन्यांचं पिल्लू. आदल्या दिवशी या मुलाने त्याला गावठी आंब्याची कोय चघळायला दिली होती आणि मोतीने ती गिळून टाकली! कोय आतड्यात अडकली. गुरांच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथे पोट उघडून ती काढावी लागली. मोती वाचला, पण मुलगा मात्र बरेच दिवस गप्प होता. त्याने तर मोतीला लाडाने खाऊ दिला होता ना!

पिल्लं एवढी का चावतात, सांगू? तुमच्यासारखेच त्यांचेही दुधाचे दात पडतात. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. तीन-चार महिन्यांचं झालं की ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात. म्हणून चावण्याबद्दल त्याला मारायचं नाही. चावायला योग्य वस्तू द्यायची.

आधी काय द्यायचं नाही ते बघू. शिजवलेलं हाड, विशेषतः कोंबडीचं, नको. शिजल्यावर ते ठिसूळ होतं आणि त्याचे टोकदार तुकडे घशात रुततात. आंब्याची कोय आणि दाणे काढलेलं मक्याचं कणीस आतड्यात अडकतं. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याची बी नीट बघा. तिच्या टोकाला बारीक आकडा असतो, तो घशात अडकू शकतो. बांबूच्या काठीच्या कुसळ्या निघतात. फुटलेला फुगाही लगेच उचलून टाका. आणि जुनी चप्पल? रबराचे तुकडे पोटात जातात ते वेगळंच, पण जुनी कुठली आणि नवी कुठली हे मोतीला कसं कळणार?

मग द्यायचं काय? जाडसर अख्खं कच्चं गाजर, जुन्या सुती कापडाची घट्ट मोठी गाठ, किंवा दुकानातलं कुत्र्यांसाठीचं भरीव रबरी खेळणं. पण देण्याआधी तीन परीक्षा घ्यायच्या, बरं का!

पहिली नखाची. वस्तूवर नख दाबा. जरासुद्धा खूण उमटली नाही, तर ती इतकी कडक आहे की दात तुटेल.

दुसरी आकाराची. ती अख्खी तोंडात मावता कामा नये.

तिसरी तुकड्यांची. झिजून लहान झाली किंवा धागे सुटू लागले, की फेकून द्या.

आणि पिल्लू चावत असताना कोणी मोठं माणूस जवळ हवं. तोंडातली वस्तू ओढू नका, दुसरा खाऊ दाखवा म्हणजे ते स्वतःच सोडेल. चुकून दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घरी लगेच सांगा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. पिल्लाने काही गिळलं असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट जनावरांचा दवाखाना गाठा.

मोती आता मोठा झालाय. त्याचा छोटा मालक प्रत्येक वस्तूवर आधी नख दाबून बघतो, मगच मोतीला देतो. आज संध्याकाळी तुम्हीही घरात एक चक्कर मारा. पिल्लाच्या तोंडाला लागेल असं खाली काय काय पडलंय?