राणीची बाग

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला मुंबईकर आजही राणीची बागच म्हणतात. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने लोकांना खुले झाले. शेती आणि बागकामाला वाहिलेल्या एका संस्थेने ते उभारले होते. १८७३ मध्ये त्याची देखभाल नगरपालिकेकडे आली. आज त्याचा पसारा सुमारे पन्नास एकरांचा आहे.

सुट्टीच्या दिवशी सगळी गर्दी पिंजऱ्यांकडे आणि पेंग्विन कक्षाकडे लोटते. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणले गेले. मुलांना त्यांचे अप्रूप वाटणारच. पण ही बाग मुळात वनस्पतींची आहे आणि तिचे खरे वैभव झाडांत आहे. येथे २८० हून अधिक जातींची तीन हजारांवर झाडे आहेत.

त्यातला कैलासपती जवळ जाऊनच पाहावा. त्याची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडातून फुटलेल्या लांब देठांवर लगडतात. पाकळ्या जाड, गुलाबी. मधोमध पुंकेसरांचा वाकलेला फणा आणि त्याखाली शिवलिंगासारखा गोल उंचवटा. तोफगोळ्याएवढे फळ जमिनीवर आपटून फुटले की त्याच्या गराची उग्र दुर्गंधी सुटते. मूळचा ब्रह्मदेशातला उर्वशी भारतात फार थोड्या ठिकाणी दिसतो. त्याच्या लाल फुलांचे लोंबते झुपके दिसले, तर फेरी सार्थकी लागली. आफ्रिकेतून आलेली, फुगीर बुंध्याची गोरखचिंचही येथे आहे.

प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा या झाडांच्या काळजीने नागरिकांनी मोहीम उभारली. तिच्यामुळे अनेकांना बागेतली झाडे नावानिशी ओळखता येऊ लागली.

बागेला लागूनच १८७२ मध्ये खुले झालेले, आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय आहे. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले, तो दगडी हत्ती त्याच्या आवारात उभा आहे. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो १८६४ मध्ये पडून फुटला आणि पुढे तुकडे सांधून उभा केला गेला. फोर्टमधल्या काळा घोडा परिसराला नाव देणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला गेला.

बाग बुधवारी बंद असते. झाडे निवांत पाहायची, तर इतर कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी लवकर जावे. भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून चालतच पोहोचता येते.