हळदीचा कौल

पांढऱ्या नॅपकिनवर वरणाचा थेंब सांडला की आपण घाईनं त्यावर साबण घासतो, आणि पिवळा डाग बघता बघता लाल होतो. खळबळून धुतला की पुन्हा पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन आम्लारी पदार्थ भेटला की रंग बदलतं. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, तेही याच गुणावर. दिवाळीच्या उटण्याबद्दल लिहायला बसले तेव्हा मला आधी हा डागच आठवला, कारण त्वचेला काय चालतं आणि काय नाही याचा निम्मा कौल हळदच देते.

घरी करून बघा. चार वाट्यांत हळदीचं पाणी घ्या. एकीत अंगाचा साबण किसून टाका, दुसरीत खायचा सोडा, तिसरीत डाळीचं पीठ, चौथीत दही. पहिल्या दोन तांबूस होतील, उरलेल्या दोन पिवळ्याच राहतील. निरोगी त्वचेचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं का वाटतं, त्याचं एक कारण इथे आहे. चेहऱ्यावर सोडा चोळायचे सल्ले देणाऱ्यांनी ही वाटी एकदा बघावी.

नरक चतुर्दशीच्या पहाटेचा क्रम यामुळेच मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी कोमट तिळेल अंगात जिरवायचं, मग उटणं, मग घंगाळातलं कढत पाणी. उटण्यात मुख्य असतं ते डाळीचं पीठ, हरभऱ्याचं किंवा मसुरीचं. पिठातला स्टार्च आणि प्रथिनं जास्तीचं तेल आणि त्यात अडकलेला मळ टिपून घेतात, पण सगळं तेल ओरबाडून काढत नाहीत. थोडा स्निग्धपणा अंगावर राहतो, आणि थंडीच्या तोंडावर तोच हवा असतो. तेल न लावता कोरडं उटणं घासणं म्हणजे या क्रमातला अर्धा भाग गाळणं.

आमच्याकडे दोन वाट्या मसूर डाळीच्या पिठाला अर्धी वाटी आंबेहळद आणि नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या प्रत्येकी दोन चमचे घेतात. काष्ठौषधीच्या दुकानात हे सगळं मिळतं. पूड मात्र वस्त्रगाळच हवी. भरड उटणं त्वचेवर ओरखडे काढतं. ‘खरखरीत म्हणजे जास्त स्वच्छ’ ही समजूत सोडायला हवी. कोरड्या त्वचेसाठी ते सायीत कालवावं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं, म्हणून सायीतली हळद एकसारखी पसरते. तेलकट त्वचेला दही बरं. त्यातलं लॅक्टिक आम्ल मृत पेशींचा थर सैल करतं, आणि हेच आम्ल महागड्या क्रीममध्येही घालतात.

पण आम्ल मिळतंय म्हणून लिंबू नको. हळद इथे सावध करत नाही, लिंबातही ती पिवळीच राहते. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात आणि ऊन लागलं की ती त्वचा भाजतात. कॉलेजात असताना मी मध-लिंबू लावून गच्चीवर केस वाळवत बसले होते. दुसऱ्या दिवशी गालावर लाल चट्टे उठले, मग ते काळे पडले आणि जायला कित्येक महिने लागले. तेव्हा मला कुणी हे सांगितलं असतं तर, असं अजूनही वाटतं.

हळदीचा जखमेवरचा उपयोग आपल्याला इतका सवयीचा की त्यावर कुणी मालकी सांगेल हे सुचणारही नाही. पण मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला नेमकं त्याचंच पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं (सीएसआयआर) त्याला आव्हान दिलं. जुन्या ग्रंथांतले उल्लेख आणि १९५३ साली छापलेला एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला, आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते पेटंट रद्द झालं. उटण्यासाठी हळद घेताना मात्र हळकुंडं आणून दळलेली घ्यावी. सुट्ट्या, झगझगीत पिवळ्या पुडीत शिसं असलेलं लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत.

उटण्यानं कुणी गोरं होत नाही. मळ आणि मृत पेशी निघाल्या की कांती तजेलदार दिसते. त्वचेचा मूळ रंग ठरवणारं मेलॅनिन जिथल्या तिथेच राहतं. सावळ्या मुलीला ‘रोज हळद लाव गं’ म्हणणं थांबलं, तर ती या उटण्याचा वास मोकळ्या मनानं घेईल.

कोरडं उटणं घट्ट झाकणाच्या डब्यात काही महिने सहज टिकतं. एकदा भिजवलं की मात्र त्याच वेळी संपवावं, कारण त्यात जंतूंना अडवणारं काहीच नसतं. नवीन काहीही लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघावी. तान्ह्या बाळाला डाळीचं पीठ चोळू नये, त्याची त्वचा फार नाजूक असते.

आणि पहिल्या अंघोळीनंतर कानामागे, गळ्याशी पिवळी छटा राहिली तर साबण घेऊ नका. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. फराळ करून अंगणात जरा उन्हात बसलात की संध्याकाळपर्यंत ती आपसूक फिकी होते, आणि दोरीवर वाळत घातलेल्या नॅपकिनवरचा डागही.