एकास अठ्ठेचाळीस : बडोद्याच्या नावाचं स्पिटफायर

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या शाही हवाईदलात 'बडोदा' नावाची एक स्क्वाड्रन होती. नंबर १२४ (बडोदा) स्क्वाड्रन. मे १९४१ मध्ये ती स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, कॅसलटाऊनच्या धावपट्टीवर उभी राहिली आणि युरोपातली लढाई संपेपर्यंत स्पिटफायर ही लढाऊ विमानं उडवत राहिली. मुंबईच्या नावाच्या तर दोन होत्या : १२२ (बॉम्बे) आणि १३२ (सिटी ऑफ बॉम्बे). निजामाच्या हैदराबादचं आणि म्हैसूरचंही नाव त्या यादीत आहे. ही नावं मिळाली ती युद्धनिधीला दिलेल्या देणग्यांमुळे. एका स्पिटफायरचा ठोकळ भाव पाच हजार पौंड असा जाहीर झाला होता. संस्थानं, शहरं, कारखाने आणि शाळासुद्धा त्या हिशेबाने पैसे गोळा करत होत्या. आपल्या नावाने उडणारं विमान पैसे देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही.

स्केल मॉडेल करणाऱ्या मराठी माणसाला स्पिटफायरच करायचं असेल, तर त्याने या १२४ स्क्वाड्रनकडे जरूर वळावं. विषय घरचा आहे, आणि पुरेसा अवघडही आहे.

आधी मापाचं पाहू. विमानांच्या मॉडेलांत एकास बहात्तर आणि एकास अठ्ठेचाळीस ही दोन मापं सर्वांत जास्त चालतात. दोन्ही आली इंग्रजी फूटपट्टीतून. एक इंच म्हणजे सहा फूट धरलं की एकास बहात्तर, पाव इंच म्हणजे एक फूट धरला की एकास अठ्ठेचाळीस. 'फ्रॉग' या ब्रिटिश कंपनीने १९३६ मध्ये 'पेंग्विन' नावाने प्लॅस्टिकची जोडायची विमानं विकायला काढली, ती एकास बहात्तर मापाची. युद्धात याच मापाला सरकारी काम मिळालं. शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून लाकडाची पाच लाख मॉडेलं करून मागितली. शांततेच्या काळात एअरफिक्स कंपनीने खिशाला परवडणारं स्पिटफायर मुलांच्या हाती दिलं, आणि छंद घरोघरी पोचला.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणाचं बिघडत नाही. स्केल मॉडेलचा सगळा खेळ मात्र नेमक्या त्याच गोष्टीवर उभा आहे. साध्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर, एकास अठ्ठेचाळीसमध्ये तो २३.४ सेंटिमीटर भरतो. तो २४ भरला तर पाहणाऱ्याला कळणार नाही. करणाऱ्याला झोप लागणार नाही.

आता खरी अडचण. 'स्पिटफायर' म्हणजे नेमकं कोणतं? आर. जे. मिचेल यांच्या आराखड्याचा पहिला नमुना ५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टलीहून उडाला. पुढच्याच वर्षी मिचेल कर्करोगाने गेले. त्यांच्यामागे जोसेफ स्मिथ यांच्या हाताखाली हे विमान दर काही महिन्यांनी बदलत गेलं आणि सगळी मिळून वीस हजारांहून अधिक विमानं तयार झाली. इंजिन बदललं, पंखा दोन पात्यांवरून तीन, चार आणि शेवटी पाच पात्यांवर गेला, तोफा बदलल्या, शेपटीचा आकार बदलला. प्रत्येक मोठ्या बदलाला नवा 'मार्क'. त्यामुळे जाणकार माणूस जुना फोटो पाहताना एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसा ठरावीक जागी बोट ठेवतो. विमानाच्या पोटाखाली पाहायचं : उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्याखाली ऑइल कूलरची लहानशी गोलसर पेटी असेल तर मार्क ६ किंवा त्याआधीचं, दोन्हीकडे सारख्या चौकोनी पेट्या असतील तर मार्क ९ किंवा त्याच्या भावकीतलं. शेपटीचं चाक आत घेता येत असेल तर बहुधा मार्क ७ किंवा ८.

बडोदा स्क्वाड्रनला जुलै १९४२ पासून मिळालं ते मार्क ६. शंभरच्या आसपासच तयार झालेलं, फारसं यशस्वी न ठरलेलं आणि म्हणूनच मॉडेल करायला रंजक असं विमान.

त्याचा जन्म झाला उंचीच्या भीतीतून. जर्मनांचं युंकर्स ८६ हे विमान दाबनियंत्रित केबिनमुळे चाळीस हजार फुटांवरून येऊ लागलं, तर त्याला गाठणार कोण? उत्तर म्हणून मार्क ५ चाच सांगाडा घेऊन वैमानिकाची जागा पुढून आणि मागून हवाबंद पडद्यांनी बंद केली. इंजिनावर चालणारा ब्लोअर बसवून आत हवा भरली. सदतीस हजार फुटांवर असताना आत अठ्ठावीस हजार फुटांइतका दाब राहावा, एवढीच माफक अपेक्षा. विरळ हवेत पकड मिळावी म्हणून पंखांची टोकं लांबवून टोकदार केली, पंख्याला चार पाती दिली. पसारा झाला १२.२४ मीटर.

प्रत्यक्षात बाजी मारली दुसऱ्याच विमानाने. १२ सप्टेंबर १९४२ रोजी साउदॅम्प्टनच्या वर त्रेचाळीस हजार फुटांच्या आसपास युंकर्सला गाठलं ते इमॅन्युएल गॅलित्झिन या रशियन वंशाच्या वैमानिकाने, आणि तेही जादा वजन काढून हलक्या केलेल्या मार्क ९ मधून. त्या विमानाला दाबाची केबिन नव्हतीच. त्याची एक तोफ अडकली आणि जर्मन विमान निसटलं, पण इतक्या उंचीवर आपण सुरक्षित आहोत हा जर्मनांचा समज तिथे संपला. मार्क ६ चे वैमानिक मात्र आपल्या यंत्रावर नाराजच होते. त्याचं काचेचं झाकण सरकत नसे. जमिनीवरचे कर्मचारी ते वरून बसवून घट्ट करत आणि उतरल्यावरच ते निघे. संकटात ते उडवून देण्याची सोय होती, इतकंच. खालच्या उंचीवर आत नुसती भट्टी व्हायची.

हा सगळा इतिहास मॉडेल करणाऱ्याच्या टेबलावर अगदी बारीक कामांच्या रूपाने उतरतो. सहसा मार्क ५ चं किट घ्यायचं आणि त्याचं मार्क ६ करायचं. पंखाचं गोल टोक करवतीने कापून टोकदार टोक जोडायचं : एकास अठ्ठेचाळीसमध्ये ही वाढ प्रत्येक बाजूला जेमतेम एक सेंटिमीटर. पण पंखाची कड लंबवर्तुळाची असल्याने जोडाशी किंचितही कोन राहून चालत नाही. पुट्टी भरायची, सुकू द्यायची, कानशीने उतरवायची, मग पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायची, प्रायमर मारून उजेडात तिरकं धरून पाहायचं आणि खड्डा दिसला की पुन्हा पुट्टी. त्यात स्पिटफायरचा पंख सरळ नसतो, पिळलेला असतो. बुंध्याशी तो अधिक दोन अंशांनी वर उचललेला, टोकाशी उणे अर्ध्या अंशाने खाली झुकलेला. हा पीळ वैमानिकाचा जीव वाचवायचा, कारण पंखाचं टोक पकड सोडण्याआधी बुंधा थरथरून इशारा द्यायचा. मॉडेल जोडताना घाईने क्लिप लावली की पीळ निघून जातो आणि विमान कुठेतरी चुकल्यासारखं दिसू लागतं.

कॉकपिटच्या डाव्या अंगाला स्पिटफायरला एक छोटं दार असतं. वैमानिक पंखावर चढून तिथून आत शिरे. मॉडेलात ते उघडं ठेवायची सगळ्यांना हौस, कारण आतलं काम दिसतं. मार्क ६ ला ते दारच नाही. हवा निसटू नये म्हणून काढून टाकलेलं. म्हणजे किटमधली दाराची रेघ बुजवायची. झाकण मागे सरकवलेलंही दाखवता येत नाही, कारण सरकायला रूळच नाहीत. ते एकतर बंद, नाहीतर सरळ काढून बाजूला ठेवलेलं. उजव्या बाजूला एग्झॉस्टच्या खाली ब्लोअरला हवा पुरवणारं छोटं तोंड स्वतः घडवून लावायचं.

रेघांवरून आठवलं. किटमधल्या पत्र्यांच्या सांध्यांची रेघ ०.१५ मिलिमीटर रुंद धरली तरी ४८ ने गुणल्यावर ती सात मिलिमीटरची फट होते. अशा फटी ठेवून विमान बांधलं असतं तर स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या तपासनिसाने कारागिरांना घरी पाठवलं असतं. उलट स्पिटफायरच्या पंखाच्या पुढच्या कडेचे सांधे आणि रिव्हेट भरून, घासून, रंगवून गुळगुळीत केलेले असत. रिव्हेटचा हिशेब तर कंपनीने भलत्याच युक्तीने केला होता. सपाट डोक्याचे रिव्हेट खर्चिक, वेळखाऊ. सगळीकडे ते खरंच लागतात का हे पाहायचं होतं. मग सपाट रिव्हेटवर वाटाण्याची डाळ एकेक करून चिकटवली, म्हणजे ते गोल डोक्याचे झाले, आणि विमान उडवलं. वेग ताशी बावीस मैलांनी घटला. पुढे एकेका भागावरची डाळ खरवडून पुन्हा पुन्हा उड्डाणं केली आणि कुठे गोल रिव्हेट चालतील हे ठरवलं. असं असताना मॉडेलच्या प्रत्येक रेघेत काळा रंग भरून ती ठळक करण्याची जी चाल स्पर्धांमध्ये रूढ झाली आहे, ती दिसायला छान असली तरी या विमानाला न शोभणारी आहे.

संशोधनाचा सर्वांत पक्का आधार लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. प्रत्येक स्क्वाड्रन दोन नोंदवह्या ठेवत असे. फॉर्म ५४० मध्ये दिवसाची हकिकत, फॉर्म ५४१ मध्ये एकेक उड्डाण : विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, निघाल्याची आणि उतरल्याची वेळ. म्हणजे आपलं विमान कोणत्या मंगळवारी कोणी उडवलं हेही कळू शकतं. पण अंगावरची अक्षरं तिथे सहसा मिळत नाहीत. १२४ ची खूण होती 'ओएन', त्यापुढे गोल निशाणापलीकडे त्या विमानाचं स्वतःचं अक्षर. क्रमांक आणि अक्षर यांची गाठ घालायची तर वैमानिकाची लॉगबुक नाहीतर फोटो हवा.

आणि फोटो फसवतात. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. पिवळा काळपट यायचा, निळा फिकट. पंखाच्या पुढच्या कडेवरची पिवळी पट्टी अशा फोटोत गायब होते आणि गोल निशाणाभोवतीचं पिवळं कडं काळं समजून भलेभले चुकतात. रंगवायचं विमान जुलै १९४२ नंतरचं असेल तर आणखी एक पथ्य : त्या वर्षीच्या मेपासून निशाणं बदलली होती आणि पांढरं व पिवळं कडं बारीक झालं होतं. वरून ओशन ग्रे आणि गडद हिरवा, पोटाला मीडियम सी ग्रे, शेपटीजवळ 'स्काय' रंगाचा पट्टा असा तेव्हाच्या दिवसा लढणाऱ्या विमानांचा नेम होता. आज उडणारी जुनी विमानं पाहून रंग ठरवणं सर्वांत धोक्याचं. त्यांची देखभाल उत्तम असते, पण रेडिओ नवा, टायर नवे, रंग चकचकीत. त्यापेक्षा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं मार्क १ पाहावं.

खरं स्पिटफायर पाहायला लंडनलाच जायला हवं असंही नाही. दिल्लीला पालमच्या हवाईदल संग्रहालयात स्पिटफायरही आहे आणि हरिकेनही. भारतीय हवाईदलात स्पिटफायर पहिल्यांदा १९४४ मध्ये नंबर ८ स्क्वाड्रनकडे आलं, तेही मार्क ८, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलं. तिथल्या विमानांवरच्या निशाणातून लाल ठिपका काढून टाकला होता, कारण लाल म्हटलं की बोट जपानी विमानाकडे जाई. पुढे नोव्हेंबर १९४७ मध्ये श्रीनगरहून, काश्मीरमध्ये घुसलेल्या टोळीवाल्यांवर हल्ले करणाऱ्या विमानांतही स्पिटफायर होती. ब्रिटिश विमानांवर ग्रंथांवर ग्रंथ आहेत. या भारतीय विमानांचे स्वच्छ फोटो मात्र विरळा. त्यांच्या शेपटीवर कोणती खूण होती, कोणती अक्षरं होती, यावर मॉडेल करणारे आजही अंदाज बांधतात.

त्यातले काही फोटो अजून घरोघरच्या ट्रंकांमध्ये असणार. आजोबा हवाईदलात फिटर, रिगर किंवा आर्मरर असतील, विमानाला टेकून काढलेला त्यांचा एखादा ग्रुप फोटो असेल, बडोद्याच्या किंवा मुंबईच्या घरात युद्धनिधीची पावती असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि ठिकाण पुसू नका. चेहऱ्यांबरोबर मागच्या विमानावरचे आकडेही दिसतील अशी स्वच्छ प्रत काढून ती हवाईदलाच्या संग्रहालयाकडे पाठवा.