‘गेट’च्या तोंडावर : शेवटच्या आठवड्यातले गैरसमज

जानेवारी सरत आला की अभ्यासिकांमधल्या चहाच्या सुट्टीचे विषय बदलतात. थर्मोडायनॅमिक्स आणि नेटवर्क थिअरी बाजूला पडते, आणि ‘यंदा कटऑफ किती लागेल’, ‘तुक्के मारायचे का’, ‘राहिलेला विषय आता उरकून टाकू का’ यांवर खल सुरू होतो. सीनियरनी सांगितलेलं, टेलिग्रामवर वाचलेलं आणि मनात आधीपासून असलेलं सगळं एकत्र कालवून सल्ले दिले जातात.

आयआयटी आणि एनआयटीमधल्या एम.टेक.चा प्रवेश, त्यासोबत दरमहा मिळणारी 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती आणि काही सरकारी कंपन्यांमधल्या नोकऱ्या ‘गेट’ या परीक्षेच्या गुणांवर ठरतात. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात जुन्या आयआयटी ती आळीपाळीने घेतात. वेळ 3 तास, प्रश्न 65, गुण 100. वर्षभराचा अभ्यास या तीन तासांत उतरवायचा, तर शेवटच्या आठवड्यात नवं काही भरण्यापेक्षा आहे ते सांडू न देणं महत्त्वाचं. पुढचे गैरसमज नेमके त्याच्या आड येतात.

गैरसमज : राहिलेला विषय आता झपाट्याने उरकला तर पाच-सहा गुण वाढतील.

वस्तुस्थिती : वाढण्यापेक्षा घटण्याचीच शक्यता जास्त. अर्धवट कळलेल्या विषयावरचा प्रश्न परीक्षेत ओळखीचा वाटतो, त्यात आठ-दहा मिनिटं जातात आणि शेवटी उत्तर चुकतं. त्यापेक्षा ठरलेल्या गुणांकडे पाहा. सामान्य क्षमता चाचणीचे 15 गुण प्रत्येक पेपरात असतात. अभियांत्रिकीच्या बहुतेक पेपरांत गणिताला 13 च्या आसपास गुण असतात. म्हणजे शंभरातले 28 गुण अशा भागाचे, जिथे प्रश्नांचा साचा वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. हा भाग पुष्कळ जण ‘ते तर येतंच’ म्हणून शेवटपर्यंत उघडत नाहीत. राहिलेल्या विषयाचा अट्टहास सोडून जुन्या प्रश्नपत्रिकांमधले हे प्रश्न सोडवणं कितीतरी फायद्याचं.

गैरसमज : नोट्स तीनदा वाचून काढल्या की उजळणी झाली.

वस्तुस्थिती : वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

तेव्हा सूत्रांची वही मिटवा, कोरा कागद घ्या आणि एका विषयाची सूत्रं आठवतील तशी लिहून काढा. मग वही उघडून ताडून पाहा. जे सूत्र आठवलं नाही किंवा चुकीच्या चिन्हासह लिहिलं गेलं, तेवढंच त्या दिवशी पक्कं करायचं. अर्ध्या तासात होणारं काम आहे.

गैरसमज : निगेटिव्ह मार्किंग आहे, म्हणून शंभर टक्के खात्री नसेल तर प्रश्नाला हात लावू नये.

वस्तुस्थिती : निगेटिव्ह मार्किंग फक्त चार पर्यायांतून एक निवडायच्या प्रश्नांना आहे. 1 गुणाचा प्रश्न चुकला तर एक-तृतीयांश गुण जातो, 2 गुणांचा चुकला तर दोन-तृतीयांश. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात अशा प्रश्नांना आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना चुकल्यास काहीच कापलं जात नाही. ते कोरे सोडण्यात काडीचाही फायदा नाही. अनेक पर्यायांच्या प्रश्नात मात्र सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, अर्धे गुण नाहीत.

आता हिशेबच मांडू. एका गुणाचे 12 प्रश्न अंदाजपंचे सोडवले, तर सरासरीने 3 बरोबर येतील आणि 9 चुकतील. मिळाले 3, गेले 3, हाती शून्य. म्हणजे निव्वळ तुक्क्याने सरासरीत तोटाही नाही, नफाही नाही. पण प्रत्येक प्रश्नात एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर 4 बरोबर, 8 चूक. हाती साधारण 1.33. दोन पर्याय बाद झाले तर 6 बरोबर, 6 चूक, हाती 4. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘उत्तर येतं का’ एवढाच नाही. ‘यातला कुठला पर्याय नक्की नाही’ हाही आहे. एककं जुळत नाहीत, चिन्ह उलटं आहे, उत्तर अवास्तव मोठं आहे, एवढ्यावरही एखादा पर्याय उडतो.

गैरसमज : कॉलेजभर वापरलेला कॅल्क्युलेटर हाताशी असला की झालं.

वस्तुस्थिती : तो केंद्राच्या दारातच राहतो. मोबाइल आणि मनगटी घड्याळही आत नेता येत नाही. आत पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माउसने चालवावा लागतो, कच्च्या कामासाठी वही तिथेच मिळते. म्हणून या आठवड्यात प्रत्येक आकडेमोड त्याच कॅल्क्युलेटरवर करा. त्यात अंश आणि रेडियन अशी निवड असते. साइन 30 चं उत्तर अंशात 0.5 येतं आणि रेडियनमध्ये उणे 0.988. आकडा टाइप करायच्या प्रश्नात समोर पर्यायच नसल्यामुळे ही चूक लक्षातही येत नाही.

दुसरी खोड मधल्या पायरीवर आकडा राउंड ऑफ करण्याची. दोन-तृतीयांशाला 0.67 धरून 250 ने गुणलं तर 167.5 येतात, खरं उत्तर 166.67. अशा प्रश्नांत उत्तराला ठरावीक मर्यादेपर्यंतचीच सूट असते. दशांश चिन्हानंतरचे आकडे शेवटच्या पायरीवर कमी करा.

गैरसमज : ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ केलेलं उत्तर तपासलं जात नाही.

वस्तुस्थिती : उत्तर निवडून, जतन करून त्यावर ही खूण केली असेल, तर ते तपासलं जातं. खरा धोका वेगळा आहे. पर्याय निवडला आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता उजवीकडच्या चौकटीतल्या दुसऱ्या प्रश्नाच्या आकड्यावर क्लिक केलं, तर ते उत्तर जतन होत नाही. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर सरावासाठी हुबेहूब पडदा असतो. एक पूर्ण पेपर त्यावर सोडवा, म्हणजे बोटांना सवय होईल.

गैरसमज : मॉकमध्ये पन्नासच्या खाली गुण पडतायत, म्हणजे यंदा काही खरं नाही.

वस्तुस्थिती : ही टक्केवारीची परीक्षा नव्हे. खुल्या गटाची पात्रता 25 गुण, किंवा सगळ्यांच्या गुणांची सरासरी अधिक प्रमाण विचलन, यांतली जी संख्या मोठी असेल ती. पात्रतेच्या गुणांना 1000 पैकी 350 स्कोअर मिळतो, सर्वांत वरच्या काही उमेदवारांच्या सरासरीला 900, आणि बाकीचे त्या प्रमाणात बसतात. पेपर अवघड गेला तर तो सगळ्यांनाच जातो. शिवाय स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो आणि परीक्षेला वयाची अट नाही. त्यामुळे मॉकमधला एकूण आकडा बघून हबकण्यापेक्षा चुकलेले प्रश्न बघा : किती खरोखर येत नव्हते आणि किती घाईने गेले? दुसरा गट आठवड्यात सुधारता येतो.

गैरसमज : आदल्या रात्री जागलं तरच सगळं ताजं राहतं.

वस्तुस्थिती : वाचलेलं स्मरणात पक्कं होण्यासाठी झोप लागते. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी 1924 मध्येच दाखवलं होतं की पाठांतरानंतर झोपलं तर तेवढेच तास जागं राहण्यापेक्षा विसर कमी पडतो. सकाळचं सत्र साडेनऊला सुरू होतं. रात्री दोनला झोपून नऊला उठायची सवय असेल, तर ती आठवडाभर आधीपासून थोडी थोडी मागे आणावी लागते. जमल्यास मॉकही तुमच्या सत्राच्याच वेळेला सोडवा, दुपारच्या सत्रातल्यांनी दुपारी.

आदल्या संध्याकाळी प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र पिशवीत ठेवा. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. केंद्रावर पोहोचायची वेळ प्रवेशपत्रावर वाचा, ग्रुपवर विचारू नका. निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.